उंबरठ्यावर थांबता येत नाही

३ सप्टेंबर, बुधवार

नेटवरच्या त्या पेटोस्कीने पटांगणसाठी, माझ्या गेम बनवायच्या इंजिनसाठी, आणखी एक फीचर पाठवलं. या वेळी फरशांच्या कडा आपोआप जुळवायचं. गवताच्या फरशीशेजारी पाण्याची फरशी ठेवली की मधला काठ इंजिन स्वतःच काढतं. कोपरे, वळणं, बेटं, सगळं. हे मी कित्येक वर्षं 'पुढच्या व्हर्जनला बघू' म्हणून ढकलतोय. या पठ्ठ्याने लेबर डेच्या सुट्टीत संपवलं. वर टेस्टही लिहिल्या.

चांगलं आहे. फारच चांगलं आहे. तिथेच तर माशी शिंकते.

फुकटात, न मागता, पटांगणसाठी इतकं राबायला कोणाचं काय अडलंय? वीस वर्षं मी एकटा हे इंजिन सांभाळतोय. लोक त्यावर आपापले रोल-प्लेइंग गेम बांधतात, चौकोनी फरशा जोडून गावं करतात, जंगलं करतात, भुयारं करतात, आणि काही बिघडलं की मला शिव्या घालतात. मदत आजवर दोनदा आली. एकदा एकाने स्पेलिंग सुधारलं. दुसऱ्यांदा... तेही स्पेलिंगच.

वै. चहा ठेवून गेली. "झाल्या का फरशा बसवून?" वीस वर्षं बायकोचा हाच विनोद. हसलो नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

पेटोस्कीची माहिती काढायला बसलो. शून्य. फोटो नाही, गाव नाही, खरं नाव नाही. जुलैत उगवला, त्याआधी कुठेच काही नाही.

पेटोस्की म्हणजे आपल्या इथे वर तळ्याकाठी सापडतो तो दगड. सुका असताना साधा करडा, पाण्यात बुडवला की अंगावर षट्कोनी नक्षी. मिशिगनबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसतो. म्हणजे हा मिशिगनकर? की मी नोव्हायला राहतो हे शोधून, मला आपलासा वाटावा म्हणून घेतलेलं नाव?

वै. म्हणते मला संशयाची कावीळ झालीय. असेल. दिवसभर ऑफिसात गाडीच्या ब्रेकचा कोड तपासतो. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर अविश्वास दाखवायचाच पगार आहे. पाच वाजता भोळाभाबडा होऊन घरी यायचं कसं?

७ सप्टेंबर

वै. गॅरेजमध्ये गाडीत बसून फोनवर. रविवारचा फोन रेवाचाच. मुलगी शिकागोहून आईशी तासभर बोलते आणि बापाचा विषय निघाला की म्हणे नेटवर्क जातं. दोन दिवाळ्या झाल्या, घरी आलेली नाही. वै.च जाऊन येते.

ऑटो कंपनीतली चांगली नोकरी सोडून गेम बनवायला गेली. मी एवढंच म्हटलं होतं की हौस म्हणून ठीक, त्यावर पोट भरत नाही, आणि त्याला लागतो तो दर्जा तुझ्या कोडला नाही. तर म्हणे, "यू हॅवन्ट इव्हन ओपन्ड इट, बाबा." नव्हता उघडला. पण अंदाज असतो माणसाला.

असो.

१० सप्टेंबर

पे.चं नवं फीचर: पात्रांची आठवण. गावातल्या म्हाताऱ्याशी तुम्ही कसे बोललात ते तो लक्षात ठेवतो. उर्मटपणे बोललात तर पुढच्या वेळी पाठ फिरवतो. कोड बारीक वाचला. चूक काढता आली नाही. रिव्ह्यूत लिहिलं, 'मी लिहिलं असतं त्यापेक्षा हे स्वच्छ आहे.' खरं तेच लिहिलं, कामात लबाडी नको.

एक शंका मात्र काढली. किती वेळ लक्षात ठेवायचं? मुदत हवी, नाहीतर सेव्ह फाइल फुगत जाणार. उत्तर आलं, "आय डोन्ट थिंक पीपल फर्गेट ऑन अ टायमर." मुदत नाही. खेळणारा स्वतः जाऊन काही वेगळं बोलला तरच जुनं पुसलं जाणार.

कोड लिहिणारा तत्त्वज्ञान पाजळायला लागला की मी सावध होतो.

मर्ज केलं, म्हणजे इंजिनात घेतलं. दुसरं काय करणार, कोड बरोबर होता.

१४ सप्टेंबर, रविवार

आला मुद्द्यावर. मला वाटलंच होतं. दोन महिने गोड गोड वागून झाल्यावर आज पे.ची मेल. मी बिझी असतो, रिलीज अडकून पडतात, लोक वाट बघून कंटाळतात, तेव्हा मला मेंटेनरचे हक्क द्या, मी हात लावतो. म्हणजे किल्ल्या द्या.

भाषा नम्र. चोराची भाषा नम्रच असते. आमच्या धंद्यात हे घडून गेलंय: कुणीतरी अनोळखी माणूस थकलेल्या बिचाऱ्याला हातभार लावतो, विश्वास कमावतो, किल्ल्या मिळवतो आणि मग एका साध्याशा अपडेटमधून जगभराच्या कॉम्प्युटरांत घुसायची मागची वाट करून ठेवतो. ज्याच्या हातात पटांगणच्या किल्ल्या, तो जे पाठवेल ते इंजिन घेणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर जाऊन बसणार. त्यात शाळेतली पोरं आहेत. ओहायोतली एक बाई सहावीच्या मुलांना यावर गेम करायला शिकवते, दर वर्षी मुलांचे गेम मला पाठवते. उद्या त्या मुलांच्या कॉम्प्युटरला काही झालं तर नाव माझं.

वै.ला सांगितलं. म्हणाली, "मग देऊन टाक ना. एकट्याला झेपत नाही तुला."

"कोण आहे माहीत तरी आहे का?"

"तुला कुठे सगळी माणसं माहीत असतात," म्हणाली आणि हसली.

ते हसणं नीटसं कळलं नाही.

१७ सप्टेंबर

ब्राझीलमधल्या एकाची तक्रार: पटांगणच्या नव्या दारात पात्र थांबत नाही. आत जातं, बाहेर येतं, पण मध्ये उभं राहत नाही. लढाईच्या मध्येच दारात आडवं उभं राहून शत्रूला अडवायचं, तर आपला शूरवीर घसरून आत जातो.

बघितलं. बग नाही, मुद्दाम केलेलं आहे. पे.ने दाराखालच्या फरशीला वेगळा गुण दिलाय: ओलांडता येईल, थांबता येणार नाही. कारण विचारलं. उत्तर: "बाय डिझाइन. यू जस्ट डोन्ट स्टँड देअर."

ब्राझीलवाला चक्रावला. एक जर्मन म्हणाला यात तर्क नाही. मी खुर्चीत मागे टेकलो. मला तर्क ऐकू येत होता, आईच्या आवाजात. उंबरठ्यावर उभा राहू नको रे, आत तरी ये नाहीतर बाहेर तरी जा.

म्हणजे हा आपला माणूस आहे. मराठी नसला तरी आपल्याकडचा नक्की. जगातल्या दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामरच्या हातून ही चूक होणार नाही. आणि याला तर ती चूकही वाटत नाही.

पण मग लपतो कशाला? आपली माणसं दुसऱ्या ओळीत 'सर' म्हणतात आणि तिसऱ्या ओळीत आपण कुठल्या कॉलेजचे ते सांगतात. संशय कमी व्हायचा तो वाढला.

२० सप्टेंबर, शनिवार

ट्रॉयला प्रसादला फोन केला. कॉलेजपासूनचा दोस्त, पटांगण सुरू केलं तेव्हा पहिलं वर्ष बरोबर होता. सरळच विचारलं, पेटोस्की तू आहेस का?

"काय बे मिल्या, बरा आहेस ना? मला टाइल्स म्हणजे बाथरूमच्या माहीत. त्याही गळताहेत."

"खरं सांग."

"अरे यार, मी आता मॅनेजर आहे. कोड लिहिला त्याला दहा वर्षं झाली."

त्याच्यावर विश्वास ठेवला. दहा वर्षं कोड न लिहिता माणूस आहे तेही विसरतो, इतकं चांगलं लिहायला शिकत नाही. किल्ल्यांच्या मेलला अजून उत्तर दिलेलं नाही.

२४ सप्टेंबर

सापडलं. शेवटी सापडलंच.

पे.च्या उजेड-अंधाराच्या नव्या फीचरमध्ये, टेस्टच्या फोल्डरात, कोणाची नजर जाणार नाही अशा ठिकाणी एक तुकडा. तो मशीनचं घड्याळ वाचतो. रोज एका ठरावीक वेळी काहीतरी करतो आणि गप्प बसतो. असल्या कोडला आमच्यात टाइम बॉम्ब म्हणतात. दिवसभर काही नाही, वेळ झाली की धडाम.

शिवाय त्यात दोन आकडे सरळ चिकटवलेले. कसलं नाव नाही, खुलासा नाही. ऑफिसात लंचला डबा उघडला आणि एकदम सुचलं की हे अक्षांश-रेखांश असतील. नकाशात टाकले.

टाचणी नोव्हायवर पडली. जगात इतकी गावं, आणि माझ्या गावावर.

डबा तसाच परत आणला. घाबरलो, हे कबूल. आता प्रश्न पटांगणचा राहिला नाही, कुणीतरी माझ्या मागावर आहे.

२५ सप्टेंबर

सगळे पासवर्ड बदलले. बँकेचा, मेलचा, वायफायचा. मग गॅरेजच्या दाराचा कोडही बदलला. घर घेतल्यापासून एकच कोड होता, अर्ध्या महाराष्ट्र मंडळाला तो पाठ आहे.

वै. वैतागली. "गॅरेजचा कशाला? गॅरेजमधून हॅक करणारे का ते?"

"नोव्हायवर टाचणी पडली, वैशाली."

"नोव्हायमध्ये निम्मी आपलीच माणसं आहेत. असेल कुणीतरी."

घरावर संकट आलंय आणि बाई भेंडी चिरतेय. इतकी शांत का? मी पाहतोय, १४ तारखेपासून तिचं काहीतरी चाललंय. ती हसली होती ते मी विसरलेलो नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

जुना लॅपटॉप काढला, त्याला नेट जोडलेलं नाही. त्यावर पे.चा सगळा कोड चढवला. घड्याळ पुढे सरकवून बॉम्ब लगेच उडवता आला असता, पण लबाड लोक तेही ओळखतात. म्हणून डायनिंग टेबलवर मांडून दुपारपासून खऱ्या वेळेची वाट पाहत बसलो.

बसल्या बसल्या पे.चा टेस्ट-नकाशा पहिल्यांदाच उघडला. मी नकाशे उघडत नाही. कोड वाचतो, बरोबर असला की मर्ज करतो, गेम खेळत नाही. रेवा लहान असताना म्हणायची, "बाबा, यू मेक इट बट यू नेव्हर प्ले इट." वेळ कुणाला असतो?

नकाशात राजवाडा नाही, भुयार नाही. एक घर. दुमजली. पुढचं मोठं दार आहे, पण ते उघडतच नाही, त्याच्यापुढे कुंडी ठेवलीय. पात्राला आत शिरायचं तर गॅरेजमधून. म्हटलं, अमेरिकेतलं आपल्या माणसाचं घर. पुढचं दार फक्त हॅलोविनला आणि पार्सलवाल्याला.

आत गेलो. गॅरेजच्या दाराखाली तीच न थांबता येणारी फरशी. चपलांची रांग. डावीकडे स्वयंपाकघर. जिन्याखाली एक बंद कपाट.

खिडकीबाहेर उजेड उतरत गेला. सात वाजून गेले. अचानक स्क्रीनवर ते जिन्याखालचं कपाट आपोआप उघडलं आणि आतल्या फरशीवर एक पिवळा ठिपका लागला. बस्स. बाकी काही झालं नाही.

तो ठिपका म्हणजे काय हे कळायच्या आत मागे काडी ओढल्याचा आवाज आला. वळून पाहिलं. जिन्याखालच्या कोटांच्या कपाटात वै. दिवा लावत होती. घर घेतलं तेव्हा तिने ते कपाट रिकामं करून देवघर केलं. आमचे कोट तेव्हापासून खुर्च्यांवर.

तो बॉम्ब नव्हताच. दिवेलागण होती. ते दोन आकडे नोव्हायचा सूर्यास्त काढायला होते.

आणि नकाशातलं घर आमचं होतं.

 

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी लॅपटॉप हातात घेऊन घरभर फिरलो, स्क्रीनवर एक खोली, समोर एक खोली. जिन्याचं वळण बरोबर. पँट्री बरोबर. लाँड्रीचं दार उलटं उघडतं, तेही बरोबर. वै. म्हणाली, "घर विकायला काढलंस का?"

कोण आलं होतं आपल्या घरात? गणपतीला चाळीस माणसं येऊन गेली. गुढीपाडव्याला प्रसाद आणि सगळे. त्यातलाच कोणीतरी मोजमाप घेऊन गेला. एकेकाचे चेहरे आठवत स्वयंपाकघरात आलो आणि थबकलो.

नकाशात भिंत आहे.

स्वयंपाकघर आणि फॅमिली रूमच्या मधली. वै. ती काढू या म्हणून दहा वर्षं मागे लागली होती आणि मी दहा वर्षं एकच सांगत आलो, ती भिंत लोड-बेअरिंग आहे, काढली तर वरचा मजला खाली येईल. शेवटी मार्चमध्ये कंत्राटदाराने बोटाने टकटक केलं, हसला आणि तिसऱ्या दिवशी भिंत पाडून दिली. वरचा मजला जागच्या जागी. पाडव्याला प्रसाद जिथे उभा राहून श्रीखंड खात होता तिथे नकाशात भिंत आहे. गणपतीचे चाळीस जण त्याच जागेवरून पंगतीला गेले.

म्हणजे ज्याने हे काढलं तो मार्चनंतर या घरात आलेलाच नाही. पण त्याआधी इथे राहिलाय. पाहुण्याला लाँड्रीचं दार उलटं उघडतं हे माहीत नसतं.

वर गेलो. नकाशात वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली छोटी खोली, खिडकीखाली पलंग, खिडकीच्या कट्ट्यावर करड्या रंगाचे गोल ठिपके. रेवाच्या खोलीचं दार ढकललं. कट्ट्यावर पेटोस्की दगड. दर उन्हाळ्यात तळ्याकाठी जायचो, ती पाण्यात उभी राहून एकेक वेचायची, भिजवून मला दाखवायची, "बाबा, लुक, टाइल्स!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ट्रॉयपर्यंत फोन करून झाला.

पलंगावर बसलो. शिकागोत बसून ती रोज संध्याकाळी आमच्या सूर्यास्ताला आमच्या कपाटात दिवा लावतेय. तिथला सूर्य वेगळ्या वेळी मावळतो.

आणि उंबरठा. आई इथे आली होती तेव्हा गॅरेजच्या दाराच्या लोखंडी पट्टीलाही उंबरठा मानायची. सात वर्षांची रेवा त्या पट्टीवरून रोज उडी मारून यायची.

३० सप्टेंबर

आज वै. पोळ्या लाटत असताना विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"पेटोस्की."

लाटणं थांबलं नाही. "तिलाच विचार. फोन आहे ना तुझ्याकडे?"

म्हणजे माहीत होतं. दोघी मिळून मला खेळवत होत्या. मला राग आला, अजूनही आहे. ही काय पद्धत झाली? बुरखा घालून बापाच्या दारात यायचं, त्याची परीक्षा घ्यायची. मी काय लिहिलं, कसं लिहिलं, सगळं तिच्याकडे जमा. 'मी लिहिलं असतं त्यापेक्षा हे स्वच्छ आहे.' माझ्याच सहीनिशी. आता ते दाखवून म्हणणार, बघा, दर्जा.

जुने सगळे रिव्ह्यू परत वाचले. सहा ठिकाणी शाबासकी दिलीय. परक्या माणसाला. तिने शाळेत पहिला गेम केला होता तेव्हा मी...

जाऊ दे.

मुदत नसलेली ती आठवण. खेळणारा स्वतः जाऊन काही वेगळं बोलला तरच पुसलं जाणार. तेव्हा मी सेव्ह फाइलच्या साइजबद्दल वाद घालत होतो.

२ ऑक्टोबर, दसरा

वै.ने माझा लॅपटॉप पूजेला मांडला. एंटरवर हळद, स्पेसबारवर कुंकू. ऑफिसची मीटिंग कुंकवासकट केली.

दिव्याच्या फीचरचा रिव्ह्यू लिहिला. बापाच्या नात्याने नाही, मेंटेनर म्हणून. ठिकाण कोडमध्ये असं चिकटवून ठेवणं चूक आहे, वापरणाऱ्याला बदलता आलं पाहिजे. फीचर परत पाठवलं. मुलगी म्हणून सोडणार नाही. पेटोस्कीला सोडलं नसतं, मग हिला का सोडू?

तासाभरात उत्तर. "फेअर. फिक्स्ड." उघडून पाहिलं. आता कुठलंही गाव घालता येतं. कुणी काही घातलंच नाही तर मात्र दिवा नोव्हायच्या वेळेलाच लागतो.

तक्रार करायला जागा नव्हती.

५ ऑक्टोबर, रविवार

किल्ल्यांचं काय करावं? दिल्या तर म्हणेल बाप आहे म्हणून दिल्या. नाही दिल्या तर म्हणेल बाप आहे म्हणून नाही दिल्या. तिने नाव लपवलं ते बहुतेक याचसाठी. पण हे मला तिच्या बाजूने विचार करायला लावणंही तिचाच डाव नसेल कशावरून?

फोन तीनदा हातात घेतला. काय बोलणार? 'हॅलो, पेटोस्की आहे का?'

शेवटी जे येतं ते केलं. तिचा टेस्ट-नकाशा उघडला. स्वयंपाकघरातल्या भिंतीच्या फरशा एकेक करून पुसल्या, त्या जागी जमीन टाकली, कडा आपोआप जुळल्या. वै.ला हवा होता तो मोठा ओटा मध्ये ठेवला. बदलाच्या नोंदीत एवढंच लिहिलं, 'भिंत काढली.' मग तो बदल तपासायला पेटोस्कीकडे पाठवला. वीस वर्षांत मी माझं काम तपासायला कोणाला दिलेलं नाही.

वै.ने तिला भिंत पाडल्याचं सांगितलं नसेल? की सांगूनही हिने नकाशात ती तशीच ठेवली?

७ ऑक्टोबर

उत्तर नाही. नेहमी तासाभरात येतं.

मी ओळखलं हे तिला कळलं असणार. आता बहुतेक नाहीशी होईल. अकाउंट बंद. मी पुन्हा एकटा, स्पेलिंग सुधारणाऱ्यांच्या भरवशावर. त्यात पटांगणचं जे होईल ते होईल. मला त्याची भीती वाटत नाहीये हे आज लक्षात आलं. दुसरीच भीती वाटतेय.

ऑफिसातून आल्यावर गॅरेजचा कोड पहिला होता तोच करून टाकला. वै. म्हणाली, "हे काय आता?"

"नवा लक्षात राहत नाही."

"दोन आठवडे तर बरोबर दाबतोयस."

८ ऑक्टोबर

लंचला आलं. माझ्या बदलाखाली एकच ओळ.

"इझन्ट दॅट वॉल लोड-बेअरिंग?"

नकाशातल्या भिंतीवर कसला भार? गेमच्या घरातली कुठलीही भिंत पुसावी. हा प्रश्न जगात एकाच घरातला माणूस विचारू शकतो.

डबा समोर, कँटीनमध्ये माणसं. डोळे पुसायला टिश्यू घेतला, शेजारच्याला सांगितलं मिरची.

उत्तर चार वेळा लिहिलं. पहिलं लांबलचक, त्यात आई, नोकरी, शिकागोचं भाडं, सगळं होतं. पुसलं. दुसरं इंग्रजीत जमेना. शेवटी मराठीत दोन वाक्यं ठेवली.

'नव्हती. मला तसं वाटत होतं.'

पाठवलं. वै.ला दाखवलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पे.कडून नवीन बदल, रिव्ह्यूसाठी माझ्या नावावर. विषय: ब्राझीलवाल्याचा उंबरठा. माझ्या दोन वाक्यांबद्दल एक अक्षर नाही. भिंतीचा बदल मात्र मंजूर केलाय, खाली टीप न लिहिता.

कोड उघडला. आता पात्राला उंबरठ्यावर थांबता येतं. पण कधीही नाही. आतलं कोणीतरी जागेवरून उठून दाराकडे यायला निघालेलं असलं तरच. आतलं कोणी हललं नाही तर पूर्वीसारखंच, ओलांडून पुढे.

ब्राझीलवाल्याला हे कितपत उपयोगी पडेल शंकाच आहे. त्याच्या शूरवीराला आतून कोण येणार?

चूक काढायला बसलो. दोनदा वाचला, तिसऱ्यांदा चालवून पाहिला. म्हणजे खेळलो. पात्र गॅरेजमधून आलं आणि पट्टीवर उभं राहिलं. आत मी एक म्हातारा ठेवला होता, त्याला मीच दाराकडे न्यायचं. दोन पावलं गेला की पात्र थांबतं. परत मागे नेला की पात्र घसरतं. कोड बरोबर आहे.

मंजूर अजून केलेलं नाही. किल्ल्यांचंही ठरलेलं नाही. तिने हे मुद्दाम लिहिलंय, मला कळतंय, आणि मला असं कोणी ओढलेलं आवडत नाही.

वै. दिवा लावून गेली. जाताना टेबलवरचा माझा फोन उचलून लॅपटॉपच्या बाजूला आणून ठेवला.

सात होऊन गेले. शिकागो एक तास मागे. ऑफिसातून निघाली असेल.